जिजीचा एक नंबर

जिजी सगळ्या जगाला नंबर द्यायची. भाकरी टम्म फुगली, नंबर नऊ. वाट चुकलेली म्हैस आपली आपण गोठ्यात आली, नंबर चार. जिजी म्हणजे माझी थोरली आत्या. हिर्डोशीच्या आमच्या घरात तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

हे खूळ टीव्हीचं. रविवारी दुपारी जगातल्या पन्नास थोर जादू दाखवायचे, पन्नासपासून उलट एकपर्यंत. जिजी नाचणी पाखडायला सूप मांडीवर घेऊन बसायची. माणूस करवतीनं कापला तरी तिचा हात थांबायचा नाही. पण जादू कशी केली ते सांगायला लागले की डोळे गच्च मिटायची. "त्यांच्या घरातलं हाय ते. आपन कशाला बगायचं?"

एक नंबरची जादू आम्हाला कधीच दिसली नाही. नेमकी तेव्हाच लाइट जायची. मी चिडायचे, जिजी नाही. "एक नंबर मला म्हाईत हाय. म्या केलीया ती." कोणती म्हणून विचारलं की नुसती नाचणी पाखडत राहायची. लाडीगोडी लावली, रुसून पाहिलं, ढिम्म.

वरंधा घाटाकडून धुकं उतरायचं तेव्हा आधी भाताची खाचरं जायची, मग गोठा, मग अंगण. जिजी उंबऱ्यात बसून हळूच म्हणायची, "नंबर दोन." सगळं जागच्या जागी परत दिसेपर्यंत ती उठायची नाही. तिला टेकून बसलं की मला वाटायचं, आपणही आता नाही आहोत. त्याची भीती मात्र कधी वाटली नाही.

पुढे मी नसरापूरला नोकरीला लागले. यंदा जिजीनं अंथरूण धरलं, तेव्हा तो अख्खा कार्यक्रम मोबाईलवर घेऊन गेले. खरं तर मला तिचा एक नंबर हवा होता. न सांगताच जाईल, अशी धास्ती बसली होती.

तिनं मोबाईल बाजूला सारला. "तुजी आय गेली तवा तू सा म्हैन्यांची. दूद न्हाई, झोप न्हाई, तीन दिस निस्तं रडनं." तिनं पदर तोंडावर ओढला. "बुवाऽऽ..."

पदर खाली आला. "कुक. आन् तू हसलीस. हाय का टीव्हीत आसली जादू?"

पंधरा दिवसांनी जिजी गेली. कुणीतरी तिच्या तोंडावर चादर ओढली. बाहेर धुकं होतं. बायका मला उठवत होत्या, पण मी हलले नाही. पस्तिशीची बाई मी, तरी चादर खाली यायची वाट बघत होते.