‘डिग’चा मी सांगितलेला अर्थ

आयुष्यभर दुसऱ्यांचेच लेखन वाचत आले. निवृत्तीनंतर स्वतः लिहायला बसणे हे धाडसच आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी रत्नागिरीत, मांडवीला राहत असे. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हणून बोटीवरून किंवा आखातातून आलेला इंग्रजी कागद आळीतली माणसे माझ्याकडे आणत. ‘मला कळत नाही’ म्हणायची लाज वाटे.

शेजारच्या काकींचा मुलगा मालवाहू बोटीवर होता. नाटे गावातल्या एका मुलीचा फोटो काकींनी त्याला पाठवला होता. त्याचे उत्तर आले ते मराठीत, फक्त मुलीविषयीची ओळ, बहुधा धाकटी भावंडे पत्र वाचतील या संकोचाने, इंग्रजीत होती: “आय डिग हर.”

“काय म्हणतो गो?” काकींनी विचारले. “मुलीकडची माणसं उद्या येणार. होय की नाय, तेवढं सांग.”

डिग म्हणजे खणणे, एवढेच मला ठाऊक. “बघून सांगते,” मी म्हणाले.

“एकच तर ओळ, त्यात बघायचं काय? एवढी शिकलीस ती कशाला?”

मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. कोशात होते: क्रियापद शेकडो वर्षे जुने, मूळ बहुधा चर खणण्याच्या एका फ्रेंच शब्दात. पुढे अर्थ: उकरणे, खुपसणे, कोपराने ढोसणे. एकेक अर्थ मी त्या फोटोतल्या मुलीला लावून पाहिला. एकही बसेना.

संध्याकाळी काकी पायरीवर सुकट निवडत बसल्या होत्या. उद्यासाठीचे लुगडे दांडीवर काढून ठेवलेले दिसत होते.

“मुलगी आवडली आहे,” मी म्हणाले.

“मग तोंड असं का पाडलंस? तुला नाय ना आवडली?” काकी खळखळून हसल्या.

लग्न झाले. पुष्कळ वर्षांनी एका जाडजूड कोशात तो अर्थ मला सापडला: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांच्या बोलीतून आलेला, उमगणे, मनापासून आवडणे. खणण्याचा शब्द त्या अर्थापर्यंत कसा पोचला, याविषयी कोशकारही साशंक होते. म्हणजे मी बरोबर होते. तरी सुटल्यासारखे वाटले नाही. त्याने उलट लिहिले असते, तरीही त्या पायरीपाशी मी तेच बोलले असते.

काकींची सून अजून भेटते. “तुमच्यामुळे जमलं हो,” म्हणते. तेव्हा कुठे बघावे, मला समजत नाही.

माझ्या जागी तुम्ही असता, तर ‘मला कळत नाही’ असे काकींना सांगितले असते का?