फाटकावरची हजेरी

मिल बंद पडणार हे नक्की झालं, तेव्हा आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये एकच घाई उडाली: मशीनला सील लागायच्या आत काय काढता येईल ते काढा. शहरातली दुसरी एक मिल आमचे थोडे विणकर घेणार होती, ज्येष्ठतेप्रमाणे. माझे बाबाही आशा लावून बसले होते. ते जन्मभर बदली कामगार. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कोणी आलं नाही तर त्याचा लूम चालवायचा, नाहीतर कार्डावर शिक्का घेऊन घरी.

आमच्या मिलची रीत अशी, की परत पाठवलेला दिवसही नोकरीत धरायचा. ही रीत कागदावर कुठे नव्हती. आमच्या सीनियर मॅडमनी ती एका फंक्शनमध्ये, म्हणजे हिशोबाच्या छोट्या प्रोग्राममध्ये, लिहून डेटाबेसमध्येच साठवली होती. ज्येष्ठता तेच काढून द्यायचं.

साहेबांना डेटाबेस म्हणजे गोदरेजचं कपाट वाटायचं. म्हणाले, "टेबलं काढा, बाकी सब छोड़ो." मी तडकले. नुसत्या टेबलांच्या, म्हणजे माहितीच्या तक्त्यांच्या, एक्स्पोर्टमध्ये फंक्शन येत नाहीत, हे त्यांच्या डोक्यात शिरेपर्यंत चहा गार झाला. शेवटी मी एकेका फंक्शनचा मजकूर वेगळ्या फाइलीत काढला, फ्लॉपीवर घेतला आणि स्वतः त्या मिलमध्ये नेऊन दिला. तिथं ते पहिल्या फटक्यात चाललं. मी हवेतच होते. घरी येऊन बाबांना सांगून टाकलं, "तुमचं काम झालं."

यादी लागली, तीत बाबा नव्हते. मी तशीच तिथल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले.

"ताई, फंक्शन तर एकदम बढ़िया चालत होतं," तो ओशाळून म्हणाला. "पण वरून सांगितलं, वो उनकी मिल का रिवाज था, इधर काम के दिन गिनो. मग काढून टाकलं मी."

त्यानं बाबांच्या हजेरीचा प्रिंट दाखवला. परत पाठवलेल्या प्रत्येक दिवसापुढे छापलं होतं: गैरहजर.

त्या कागदाची चीड अजून गेलेली नाही. घरी बाबांनी एवढंच विचारलं, "काय म्हणाले?"

"जागा कमी होत्या, बाबा," मी म्हटलं. तापातसुद्धा फाटक न चुकवलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार होते?