लाल हातमोजा आणि उलटा माग

लेम्पी रुओनावारा या बाईंना मी स्वस्थ बसलेले कधीही पाहिले नाही. कॉफी त्या उभ्यानेच पीत आणि बहुधा पेला अर्धाच ठेवून देत. मोठ्या सरोवराकडून आलेले हिम पडून थांबले की त्यांचे पाय शिवशिवू लागत. "शेवंती, ऊठ. वारा सुटला की सगळं पुसून जाईल," असे म्हणत त्या माझ्या दारात उभ्या राहत, आणि आम्ही दोघी जाळीचे बर्फजोडे बांधून रानात शिरत असू.

कॅमेरा लहान व जुना होता. थंडीने बॅटरी मरते म्हणून त्या तो सदऱ्याच्या आत, पोटाशी धरीत. पाऊल सापडले की उजव्या हातातील लाल लोकरीचा हातमोजा काढून त्याशेजारी ठेवीत आणि मगच फोटो घेत, म्हणजे पाहणाऱ्याला पावलाचा आकार कळतो. "आकार नसेल तर तो फोटो नाही, नुसती चुगली आहे," असे त्यांचे मत होते. हे फोटो ग्रंथालयाच्या भिंतीवर लागत. कोणाच्या अंगणात कोण येऊन गेले, याचा निवाडा गावातील लोक त्या भिंतीपाशी उभे राहून करीत.

त्यांचा दुसरा नियम असा होता की जनावराच्या मागे लागू नये. हिवाळ्यात त्याच्या अंगात शक्ती मोजकी असते; आपण त्याला पुढे रेटले तर ते धावून धावून मरते. म्हणून माग नेहमी उलटा काढावा. जनावर कोठे गेले ते पाहू नये, कोठून आले ते पाहावे. त्यांचा कुत्रा नाल्ले मात्र हा नियम पाळणारा नव्हता. तो सर्व पावले तुडवून टाकी, म्हणून त्याला मागच्या ओसरीत दोरीने बांधून त्या रानात जात. तो आमच्या मागे बराच वेळ ओरडत राही. आम्ही ते ऐकत ऐकत पुढे जात असू.

एका सकाळी शेजारचे वाइनो केम्पाइनेन दारात आले. मी तेव्हा लेम्पीबाईंकडेच होते.

"लेम्पी, बाहेर ये. कॅमेरा घेऊन ये."

"काय झालं?"

"कोंबड्या मेल्या. उरलेल्या आढ्यावर चढून बसल्यात, खाली यायचं नाव नाही."

"कोयोट असेल."

"असेल. पण तूच बघून सांग. तुझ्या लाल हातमोज्याशिवाय या गावात कुणाचा गुन्हा सिद्ध होतो का?"

वाइनो हसले, लेम्पीबाई हसल्या नाहीत. त्यांनी एकदा चुलीकडे पाहिले. तेथे नाल्ले पाय पसरून झोपला होता. सकाळचे खाणे त्याने हुंगलेदेखील नव्हते. ते मीही पाहिले होते.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. एकदा कोंबडी मारलेला कुत्रा पुन्हा मारतो, असे आमच्याकडे सर्व मानतात, आणि अशा कुत्र्याला कोणी ठेवीत नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी वाइनो यांच्याच कुत्र्याने पलीकडच्या शेतावरील कोंबड्या मारल्या होत्या. ते मान्य करीत नव्हते. लेम्पीबाईंनी माग काढला, हातमोजा ठेवला, फोटो घेतला. वाइनो यांनी तो फोटो पाहिला आणि बंदूक घेऊन स्वतःच आपल्या कुत्र्याला रानात नेले. त्यानंतर ते पुष्कळ दिवस कोणाकडे कॉफीला गेले नाहीत.

खुराड्यापाशी काहीच वाचता येईना. ऊन आले होते, त्यामुळे ठसे वितळून लांडग्याएवढे पसरले होते; आणि त्यांवर माणसाचे बूटही उमटले होते.

"तूच नाचलायस इथे, वाइनो."

"कोंबड्या मेल्यावर माणूस नाचत नाही गं, धावतो."

आम्ही उलटा माग धरला. कोयोट, म्हणजे लांडग्याचा लहान भाऊबंद, उघड्या शेतातून जाताना आखल्यासारखा सरळ जातो. त्याला वाया घालवायला शक्ती नसते. हा माग कुंपणाच्या खांबाकडे वळला होता, तेथून एका गवताच्या गंजीकडे, आणि पुन्हा मागे. ज्याला घरी खाणे मिळते तेच जनावर असे भटकते.

"कोयोटचं पोर असेल," लेम्पीबाई म्हणाल्या. "पोरं अशीच हुंदडतात."

त्या इतक्या लवकर कधी निष्कर्ष काढीत नसत. त्या दर दोन पावलांनी खाली वाकत होत्या, उठत होत्या, पुढे पाहत होत्या. शेताच्या टोकाला सीडरच्या झाडांची दलदल आहे. माग जर दलदलीतून आला असेल तर तो रानातला. कुंपणाच्या कडेने आला असेल तर त्या बाजूला एकच घर आहे.

माग कुंपणाच्या कडेने आला होता.

वाइनो मागे राहिले होते. त्यांच्या धापा टाकण्याचा आणि नाक शिंकरण्याचा आवाज येत होता. शेवटच्या सीडरच्या सावलीत बर्फ कोरडे होते आणि ठसे अजून जसेच्या तसे होते. लेम्पीबाई गुडघ्यांवर बसल्या. पुढच्या डाव्या पायाच्या एका बोटापुढे नखाचे टोक उमटलेले नव्हते. नाल्लेचे ते नख सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दारात सापडून तुटले होते.

त्यांचा हात ठशावर आला. तळहात एकदा फिरवला असता तर झाले असते. सीडरच्या फांदीवरून बर्फ पडले, एवढे म्हणणे पुरले असते. मी त्यांच्याकडे न पाहता झाडाकडे पाहत राहिले. मग हातमोजा काढल्याचा आवाज आला. पहिला फोटो हलला. त्यांनी दुसरा काढला.

वाइनो आले आणि वाकले. "नख नाही."

"नाही."

"सौनाच्या दारातलं ना?"

"हो. पट्टी तूच बांधली होतीस."

ते सरळ झाले. मग म्हणाले, "फोटो कशाला काढलास? मी मागे होतो. पाय फिरवला असतास तर मला काय कळणार होतं?"

"तुझ्या कुत्र्याच्या वेळी फिरवला नव्हता."

उरलेला मागही आम्ही शेवटपर्यंत चाललो, कारण अर्धा माग सोडून देण्याची त्यांची पद्धत नव्हती. तो मागच्या ओसरीच्या पायऱ्यांपाशी संपला. ओसरीत दोरीचा रिकामा फास पडला होता; त्यातून मान सोडवून तो गेला होता. आत नाल्ले उठला आणि आम्हा तिघांना पाहून त्याने शेपूट हलवले.

"रीत सगळ्यांना एकच," लेम्पीबाई म्हणाल्या. "पण तू नको करूस. माझा आहे, मी करते."

"तू? तुला नेम येत नाही. सौनाचं दार मारशील."

वाइनो यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मी केलं ते एकदा. तेव्हापासून माझ्या घरात कुणी भुंकलेलं नाही. एकदा पुरे झालं, लेम्पी. मला दे त्याला. दिवसा साखळीवर राहील, खुराड्यापासून लांब. रात्री चुलीपाशी."

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमचा. तुझ्याकडे दोरी टिकत नाही. टिकेल कशी? तू घरी असतेस कधी?"

लेम्पीबाई आत गेल्या. त्यांनी खाण्याचे भांडे कपड्यात बांधून दिले. नाल्ले उड्या मारीत गेला, कारण त्याला फिरायला नेत आहेत असे त्याला वाटले.

फोटो ग्रंथालयात लागला. खाली त्यांच्या अक्षरात लिहिले होते: 'पाळीव कुत्रा. माझा.'

पुढच्या हिमानंतर त्या माझ्या दारात आल्या, परंतु रानाकडे न वळता वाइनो यांच्या अंगणाकडे चालू लागल्या. ते नाल्लेला घेऊन लाकडे आणायला गेले होते. साखळीवर फिरून फिरून बर्फात एक वाटोळे रिंगण तुडवले गेले होते. एका बाजूला मात्र बर्फ खालच्या मातीपर्यंत नखांनी खरवडलेले होते. ती बाजू कुंपणाची होती, आणि कुंपणापलीकडे लेम्पीबाईंचे घर.

त्यांनी हातमोजा काढून त्या मातीवर ठेवला आणि फोटो घेतला. मग कॅमेरा सदऱ्यात घालून त्या घाईने निघाल्या.

"अहो, हातमोजा राहिला," मी म्हणाले.

"माहीत आहे. त्याच्यापाशी राहू दे," त्या म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

तो फोटो त्यांनी भिंतीवर लावला नाही. त्यानंतरच्या सर्व फोटोंत पावलांशेजारी निळा हातमोजा आहे.