किल्ला डाव्या हाताला

चौथीत असताना मास्तरांनी राज्याची राजधानी विचारली आणि मी छातीठोकपणे सातारा म्हणून सांगितलं. अख्खा वर्ग हसला. घरी येऊन रडले, तर आमचे आबा म्हणजे माझे वडील मास्तरांवरच भडकले. "मुंबई सरकारची. आपली राजधानी सातारा! बरोबरच हाय तुजं." आमचं गाव कडेगावजवळ, जिल्हा सांगली, पण आबांच्या लेखी सांगली कागदावर आणि सातारा काळजात. मलाही मनातून अजून तसंच वाटतं. हसायचं त्यांनी हसावं.

आबा फौजेत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन त्यांनी जुनी जीप घेतली आणि तिला पोटच्या पोरीपेक्षा जास्त जपलं. हे मी रागानं नाही, खरं तेच सांगतेय. मला चालवायला त्यांनीच शिकवलं, पण उसाच्या फडापर्यंत आणि परत. डांबरी रस्ता लागला की, "सर बाजूला."

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यानं दगा दिला. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलं. आबांनी चार दिवस उभी जीप नुसती पुसली आणि पाचव्या दिवशी जाहीर केलं, "शिरवळचा एकजण जीप मागतोय. देऊन टाकतो."

माझं सासर गावातच, आबांकडं रोजचं येणं-जाणं. माझं डोकंच फिरलं. "आवं आबा, मी काय मेले का? मी चालवते की!"

आबा म्हणाले, "साताऱ्याला घेऊन चल. राजवाड्यासमोर गाडी लावायची. फोनवरचा नकाशा न्हाई, कुणाला रस्ता इचारायचा न्हाई. फौजी डायवर इचारत नसतो. जमलं तर गाडी तुजी. न्हाई जमलं, तर तसंच पुढं शिरवळला जायाचं, चावी द्यायची आन् एसटीनं घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. कऱ्हाडपर्यंत आबा गिअर बदलताना प्रत्येक वेळी माझ्या हाताकडं बघत होते. हायवेला उंब्रज गेलं, नागठाणे गेलं आणि अजिंक्यतारा दिसायला लागला. आबांनी टोपी सरळ केली. किल्ला दिसला की ते दर वेळी करतात. माझी पण मान आपोआप ताठ झाली.

पोवई नाका आला. आता तिथं रस्त्याखालून भुयारी रस्ते झालेत. नणंदेबरोबर तिच्या लग्नाचा बस्ता काढायला आले होते, तेव्हा मी ते बघितले होते. आबांच्या डोक्यात मात्र जुनाच नाका. "खालचा धर," ते ओरडले.

"आबा, त्यो दुसरीकडं जातोय..."

"सांगितलं तेवढं कर!"

फौजीची लेक मी. हुकूम झाला की हात आधी वळतो, डोकं नंतर चालतं. शिरले भुयारात. वर आलो तर समोर कोरेगावचा रस्ता. आबा इकडं बघतायत, तिकडं बघतायत. ज्या साताऱ्यात ते डोळे झाकून गाडी चालवायचे, तिथं त्यांना एक ओळखीची खूण सापडेना. मी गाडी कडेला घेतली. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांचा चेहरा बघून तो टिकेना.

"इचार कुणाला तरी," ते हळूच म्हणाले.

शेजारीच रसवंतीवाला उभा होता. एक शब्द विचारला असता तर सुटलो असतो. आबा स्वतःच सांगत होते, म्हणजे पैजही मोडली नसती. पण मी म्हणाले, "न्हाई इचारणार."

लहानपणी याच जीपमध्ये त्यांनी मला शिकवलं होतं: साताऱ्यात माणूस चुकत न्हाई, किल्ला बघायचा, राजवाड्याकडं जाताना त्यो डाव्या हाताला. मी गाडी वळवली, खालचं भुयार सोडून वरून नाका ओलांडला, किल्ला डावीकडं घेतला आणि वरच्या रस्त्यानं निघाले. मोती चौकात ही गर्दी होती. एक रिक्षावाला आडवा आला, त्याला मी दोन शब्द सुनावले. आबा गालात हसले. त्यांनी आता माझ्या हाताकडं बघणं सोडलं होतं. ते खिडकीतून आपली राजधानी बघत होते.

राजवाड्यासमोर गाडी लावली. चावी काढून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी घेतली नाही. खिशातून फोन काढला, डोळ्याजवळ नेऊन नंबर शोधला आणि नेहमीसारखं अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं शिरवळवाल्याशी बोलले.

"गाडी विकायची न्हाई गड्या. आता डायवर हाय तिला."

मग मला म्हणाले, "चल, कंदी पेढे घेऊ. आन् त्यो नाका जाताना एकदा नीट दाखीव मला."