आभार होईपर्यंत अध्यक्ष बसून

धायरीत कुठलाही कार्यक्रम असो, अध्यक्ष गेनबाच. एकतीस वर्षांत हा माणूस आभारप्रदर्शनाआधी खुर्चीवरून उठलेला नाही. त्यांच्याआधीचे अध्यक्ष हिंमतराव एकदा भाषण चालू असताना लघवीला गेले, त्यांना गाव अजून ‘अर्धे अध्यक्ष’ म्हणतं. गेनबांना दुसरी कसलीच भीती नाही.

मागच्या रविवारी गावातल्या मंगल कार्यालयात युगांडातून शिकायला आलेल्या मुलामुलींच्या मंडळाचा कार्यक्रम होता. आजी-आजोबांचे नाच विसरले जाऊ नयेत म्हणून ही बारा जणं दर शनिवारी एका सोसायटीच्या गच्चीवर सराव करतात. त्यांचा प्रमुख ओकेलो तीन वर्षांत मराठीही शिकला. त्याच्या आजोळच्या नाचाला एक नियम आहे: जमलेल्यांतला सर्वांत म्हातारा माणूस उठला की नाच संपतो. त्याआधी थांबलं तर नाच मोडला.

सर्वांत म्हातारे गेनबा. हे लक्षात आलं तेव्हा नाच सुरू होऊन पाऊण तास झाला होता.

सूत्रसंचालन करणारी नम्रता त्यांच्या कानाशी वाकली. “आबा, तुम्ही उठलात की ते थांबतील.”

“उठतो की. आभार होऊ दे.”

“आभार नाच संपल्यावर.”

“मग संपू दे. मला कुठं घाई हाय?”

दोन तास झाले. पाचला त्याच मंगल कार्यालयात साखरपुडा होता. नवरीकडची माणसं पेढे घेऊन दारात आली, त्यातले दोघे नाचातही शिरले. शेवटी नम्रताने ओकेलोला गाठलं.

“खुर्ची हलवली तर चालेल?”

“चालेल,” तो धापा टाकत म्हणाला. “आजोबा बसलेले पाहिजेत.”

चौघांनी गेनबांना खुर्चीसकट उचललं. मागून ढोल आणि नाच. रस्ता तुंबला. गेनबा हार सावरत दोन्ही बाजूंना नमस्कार करत होते.

पानटपरीवर हिंमतराव उभे. “काय गेनबा, लघवीला का?”

“बसूनच हाय मी,” गेनबा म्हणाले.

खुर्ची गेनबांच्या घराच्या ओट्यावर टेकली. त्यांच्या बायको मुक्ताबाई तिथे गवार निवडत होत्या. नम्रताने सगळं सांगितलं. मुक्ताबाईंनी हातातली शेंग मोडली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“आलात, बसलात, आभारी हाय. उठा आता.”

गेनबांनी क्षणभर विचार केला. आभार तर झाले होते. ते उठले.

ढोल थांबला. बारा जणं होती तिथेच अंगणात बसली.

“एवढ्यांचा चहा कोण टाकणार?” मुक्ताबाईंनी विचारलं.

“आता उठलोच हाय,” म्हणत गेनबा हार गळ्यात ठेवूनच स्वयंपाकघरात गेले.