तुटलेल्या लाइनवरचा फोन

आमच्या गिरीज गावच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, बायबल वाचनाचा वर्ग चालतो. तिथे मला बोलायला सांगितलं. मी लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेला हवालदार, प्रवचन मला जमत नाही. जे घडलं ते वेळेसह सांगतो.

उत्तरेकडची बर्फातली पोस्ट. आम्ही सहा जण. मी तेव्हा नायक होतो; टेलिफोन आणि रेडिओ माझ्या ताब्यात. लाइन दुरुस्तीला लान्स नायक इग्नास टोप्पो, झारखंडचा. पोस्टवर ख्रिस्ती आम्ही दोघेच.

०५३० ला उठायचं, ०६०० ला रेडिओ चेक, मग चहा. चहाबरोबर इग्नास हिंदी बायबलातला एक परिच्छेद वाचायचा आणि विचारायचा, "आज इसमें से क्या करेंगे?" प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो भाग वाचला, त्या दिवशी त्याने पहाऱ्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला पाय शेकायला गरम पाणी करून दिलं. मला हसू आलं होतं. माझ्याकडेही आईने दिलेलं मराठी बायबल होतं. त्यात मी घरचे फोटो ठेवायचो, एवढंच.

आई गेली तेव्हा मला रजा मिळाली नाही. थोरला भाऊ सायमन फोनवर म्हणाला, "तुला आईपेक्षा पलटण मोठी." त्याला तीन वर्षं झाली होती. आम्ही बोलत नव्हतो. इग्नासला हे माहीत होतं.

त्या सकाळचा परिच्छेद असा होता: अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. इग्नासने नेहमीचा प्रश्न विचारला.

"पहले लाइन जोड़," मी म्हणालो.

पुढच्या पोस्टची टेलिफोन लाइन वादळाने तुटली होती. ०९४५ ला इग्नास आणि शिपाई तमांग एकाच दोराला बांधून निघाले. १०३० ला धुकं आणि बर्फ एक झालं. सगळं पांढरं. बंकरबाहेर हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. आवाजसुद्धा कुठून येतो ते कळत नव्हतं.

११४० ला टेलिफोन वाजला.

"कौन?"

"इग्नास. पढ़ा हुआ किया?"

त्या लाइनवर वाऱ्याची घरघर कायम असायची. त्या वेळी ती नव्हती. तो शेजारी बसून बोलावा तसा आवाज.

"लाइन जुड़ गई?"

"भाई को फ़ोन किया?"

एवढंच. मी लॉगबुकात लिहिलं: ११४०, लाइन सुरू.

१२१० ला तमांग एकटा परतला. हातमोजे फाटलेले. १०५० ला कडा कोसळला होता, दोर तुटला होता. तो तासभर हातांनी खणत होता.

मी रेडिओवर खालच्या तळाला कळवलं, "अल्फा, एक जवान बर्फ के नीचे. रेस्क्यू भेजो. ओव्हर."

"रॉजर. मौसम खुलने तक इंतज़ार. ओव्हर."

मी टेलिफोनचं हँडल फिरवलं. लाइन मेलेली होती.

दुसऱ्या दिवशी १४२० ला इग्नास सापडला. वायरची दोन टोकं बर्फावर पडली होती, मध्ये चाळीस पावलांचं अंतर. पोस्ट कमांडर सुभेदार साहेबांनी लॉगबुक पाहिलं. बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. खोडायला सांगितलं नाही.

"उंचीवर असं होतं," चौकशीला आलेले डॉक्टर म्हणाले. असेलही. मी ऐकलं ते सांगितलं.

रविवारी घरी फोन करायची पाळी आली. सायमनला लावला. त्याने उचलला. मग विचारलं, "जेवलास का?" मी हो म्हणालो. दोघेही फोन धरून बसलो.

तेव्हापासून मी रोज एक परिच्छेद वाचतो आणि त्यातलं एक काम करतो. कधी जमतं, कधी टाळतो. टाळलं त्या दिवशी अजूनही फोन वाजला की उचलायला हात धजत नाही.

इग्नासचं सामान मी त्याच्या गावी नेलं. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. त्याच्या बायबलात खूण होती ते पान तिने उघडायला लावलं.

"यहाँ तक पढ़ा था?"

"हाँ माँ."

"तो आगे तुम पढ़ो."

मी अंगणात बसून वाचलं. शेजारपाजारचे येऊन उभे राहिले. ऊन कललं तरी ती मला थांबू देईना.

आमच्या चर्चच्या सिमेंटरीत, दफनभूमीत, मृतांच्या दिवशी घरच्यांची नावं वाचतात. त्या यादीत आईच्या नावाखाली सायमन दरवर्षी स्वतःच्या हाताने एक नाव लिहितो. इग्नास टोप्पो, वय एकोणतीस.