निळ्यांची पेनल्टी आणि बाबांचे रुमाल

गाडीच्या मॅटमध्ये वाळू कशी साठते, हे यूएईत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. कितीही व्हॅक्यूम मारा, पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की सीटखालून थोडी निघतेच. आमच्या फुटबॉलच्या कंपूचे किस्से असेच आहेत. मी म्हणते, खलास, आता संपले. तेवढ्यात कुंदा मावशींची व्हॉइस नोट येते.

कंपू काही मोठा नाही. रास अल खैमातल्या टाइल्सच्या फॅक्टरीत भट्टी सांभाळणारे माझे बाबा. सिमेंट कंपनीच्या अकाउंट्समधले साठे काका, ज्यांच्या मते जगात आपोआप काहीच घडत नाही, पाऊससुद्धा कुणीतरी पाडतं. (इथे खरंच विमानं पाठवून पाऊस पाडायचा प्रयत्न करतात, त्यामुळे त्यांना जास्तच जोर चढतो!) शाळेत हिंदी शिकवणाऱ्या कुंदा मावशी. त्यांचे मिस्टर खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला, वीकेंडला घरी येतात आणि झोपतात. "घरी घोरणं ऐकण्यापेक्षा इथली शिट्टी बरी," म्हणून मावशी मॅचला यायच्या. आणि मी, मनवा, जी या तिघांशी वाद घालत मोठी झाली.

आणि आई. हे सगळं सुरू केलं तिनेच.

*

आमच्या गावात, म्हणजे रास अल खैमात, एक छोटा प्रोफेशनल क्लब होता. निळी जर्सी, म्हणून आम्ही त्यांना "निळे" म्हणायचो. एंट्री फुकट, संध्याकाळी वारा छान, आणि फ्लॅटमध्ये बसून आईला कंटाळा आलेला. "चला, निदान माणसं तरी दिसतील," असं म्हणून ती आम्हाला घेऊन गेली.

माझ्याशिवाय फुटबॉल कुणालाच कळत नव्हता. साठे काकांना मी ऑफसाइड समजावून सांगितलं. बाटलीची झाकणं मांडली, चटणीचा डबा गोलकीपर केला. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे रेफ्रीला नको असलेला गोल. सरळ सांग ना!"

*

आमच्या कंपूचा नियम एकच. जो आधी पोचेल त्याने सगळ्यांच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरायच्या. आधी पोचायचे बाबाच. आईने पुण्याहून रुमालांचा गठ्ठाच आणला होता. आमचे चार पांढरे आणि तिचा जांभळ्या काठाचा. मॅच संपली की बाबा ते गोळा करून घडी घालून खिशात ठेवायचे. एकदा एक रुमाल सीटवरच राहिला, तर अर्ध्या रस्त्यातून त्यांनी गाडी वळवली. "अहो, रुमालच आहे," आई म्हणाली. बाबा म्हणाले, "जागा धरली की सोडताना उचलायची. नाहीतर लोक वाट बघतात."

तीन वर्षांपूर्वी आई गेली. पुढच्या मॅचला बाबांनी पाच रुमाल टाकले.

त्या दिवशी स्टँड गच्च भरला होता. एक इजिप्शियन गृहस्थ मुलाला कडेवर घेऊन आले आणि जांभळ्या काठाच्या रुमालाकडे बोट दाखवून विचारायला लागले, कुणी आहे का? साठे काकांनी हिंदीत ठोकून दिलं, "आदमी आ रहा है!" हाफ टाइमला त्यांनी पुन्हा विचारलं. काका रिकाम्या मैदानाकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुंदा मावशी एवढंच म्हणाल्या, "इन्शाल्ला."

त्या माणसाने एकदा रुमालाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग मुलाला खांद्यावर घेतलं आणि उरलेली मॅच उभ्यानेच पाहिली.

*

मग क्लब विकला गेला. नवे मालक दुबईचे, त्यामुळे टीमही दुबईला शिफ्ट होणार. बातमी मीच ग्रुपवर टाकली.

बाबांचं उत्तर : "फॉरवर्ड मेसेज आहे. दुर्लक्ष करणे."

"बाबा, ही क्लबच्या स्वतःच्या पेजवरची बातमी आहे!"

"पेज हॅक होतात," साठे काका.

यांच्याशी काय बोलणार? सीझनच्या पहिल्या मॅचला हे तिघे जुन्या स्टेडियमवर गेले. तुम्ही बघाच आता, म्हणून मीही गेले. गेटवर पठाण वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. "साहब, टीम तो चली गई."

बाबांनी जरा विचार केला. "आलोच आहोत तर बसू."

वॉचमनने गेट उघडलं. समोर अख्खं स्टेडियम रिकामं, आणि बाबांनी नेहमीच्या रांगेत जाऊन पाच रुमाल टाकले! मैदानात स्प्रिंकलर चालू होते. आम्ही थालीपीठ खाल्लं, वॉचमनलाही दिलं. साठे काका फोनवर दुबईतल्या मॅचचा स्कोअर वाचून दाखवत होते आणि कुंदा मावशी स्प्रिंकलरकडे बघून टाळ्या वाजवत होत्या. शेवटच्या मिनिटांत निळ्यांना पेनल्टी मिळाली आणि ते जिंकले.

काका ताडकन उभे राहिले. "बघा! शिफ्ट झाले नाहीत तोच पेनल्टी!"

साठे काकांचा सिद्धांत जन्माला आला तो तिथे.

*

सिद्धांत असा : टीम नव्या शहरात गेली की लीगच तिला जिंकून देते. नव्या शहरात तिकिटं खपायला हवीत, जर्सी विकायला हव्यात, मालक खूश राहायला हवा. "जावयाचा पहिला दिवाळसण असतो ना, तसं आहे," काका म्हणाले. "पहिल्या वर्षी काही कमी पडू देतात का?"

आता मी स्टॅटिस्टिक्स शिकलेली मुलगी. मला राहवलं नाही. एका शनिवारी तिघांना सोफ्यावर बसवलं आणि टीव्हीवर निळ्यांच्या काही वर्षांपूर्वीच्या मॅचेस लावल्या. "हे बघा, पेनल्टी इथे असतानाही मिळायच्या. ही बघा, किती फालतू! तो स्वतःच पाय अडकून पडलाय. तेव्हा तुम्ही सगळे नाचला होतात. आई तर शिट्टी वाजवत होती!"

बाबांनी चष्मा पुसला. "तेव्हाच्या खऱ्या होत्या."

*

त्याच वर्षी मीही शिफ्ट झाले. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत ॲनालिस्टची नोकरी लागली. बाबांनी पेढे वाटले, मिक्सर घेऊन दिला, सामान वर चढवून दिलं आणि खिडकीतून खाली बघून म्हणाले, "तळं खोदून केलंय वाटतं." दुबईचं त्यांनी केलेलं एवढंच कौतुक.

पहिल्याच वीकेंडला माझी रूममेट मैत्रिणींबरोबर कुठेतरी निघून गेली. मी दिवसभर एकटी. संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले. परत येताना लक्षात आलं, आज आपल्याशी फक्त लिफ्ट बोलली आहे. "डोअर्स क्लोजिंग," ती म्हणाली.

आणि मी तिला थँक यू म्हणाले!

*

बाबांचा फोन रोज सकाळी मेट्रोत यायचा. पण क्लब शिफ्ट झाल्यापासून त्यांची भाषा बदलली होती. निळे आता "आपले" राहिले नव्हते. "काल तुमच्या टीमला परत पेनल्टी."

"तुमच्या म्हणजे?"

"तुमच्या, दुबईकरांच्या."

तिघांनी निळ्यांवर बहिष्कार टाकला होता. एकदा ऑफिसमधून मला एक तिकीट मिळालं, म्हणून मी दुबईतल्या मॅचला एकटीच गेले. चकाचक स्टेडियम, नंबरच्या सीट्स, आजूबाजूचे सगळे फोनमध्ये. निळ्यांनी काय अफलातून गोल मारला! मी उडी मारून ओरडले, "हाण!" आणि मिठी मारायला वळले. शेजारच्या माणसाने कॉफीचा कप बाजूला घेतला.

मी तिथूनच बाबांना फोन लावला. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "ऑफसाइड होता."

"तुम्ही बघताय?"

"चॅनेल बदलताना दिसला."

रात्री कुंदा मावशींची व्हॉइस नोट आली : "मनवा, कसलं चॅनेल गं! तुझे बाबा आणि साठे तासभर आधीपासून टीव्हीसमोर बसून आहेत. बहिष्कार फक्त तोंडी आहे. आणि ऐक, सोफ्यावरही रुमाल टाकलेत."

*

यंदा बाबा रिटायर होणार होते. कंपनीचा व्हिसा संपला की एक तर माझ्याकडे दुबईला, नाहीतर नाशिकला माझ्या सख्ख्या काकाकडे. मी वेगळा फ्लॅट बघितला, व्हिसाची चौकशी करून ठेवली. बाबा विषयच काढू देईनात. काकाने नाशिकमध्ये त्यांच्यासाठी खोलीला रंग दिला, हेही मला काकूकडूनच कळलं!

मी तडक रास अल खैमा गाठलं. साठे काका आणि मावशी तिथेच चहा पीत बसले होते. मी त्यांच्यासमोरच सुरू केलं. "नाशिकचं ठरलंय का?"

"ठरलं असं नाही," बाबा म्हणाले.

"मग माझ्याकडे यायला काय होतं?"

"तिथे आपलं काय आहे? इथून जो जातो त्याचे तिथे लाड होतात. मग तो इकडे वळून बघत नाही. सगळं फिक्स असतं."

"बाबा, दर दुसऱ्या आठवड्याला मी बस पकडून येते! तुम्ही पेनल्टीबद्दल बोलताय की माझ्याबद्दल?"

साठे काकांचं बिस्कीट चहात पडलं.

बाबा म्हणाले, "मी ऑफसाइडबद्दल बोलतोय."

मला इतका राग आला की मी न जेवता निघाले. बाबा गाडीतून बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. बस आली तेव्हा त्यांनी दारातून डबा आत दिला. परत बसमध्ये एकटी, मांडीवर गरम डबा, बाहेर नुसती वाळू आणि विजेचे खांब. मेसेज केला : "सीझनच्या शेवटच्या मॅचची तिकिटं काढते आहे. मैदानात बसून दाखवा कुठे फिक्स आहे ते. नाहीतर खुशाल नाशिकला जा."

उत्तर आलं नाही. डब्यात थालीपीठ होतं.

*

शेवटच्या मॅचच्या संध्याकाळी मी वेळेच्या आधी स्टेडियमवर पोचले. पाच तिकिटं काढली होती. म्हटलं, कुणी येणार नाही, आपण पाच सीटच्या मधोमध एकटंच बसायचं.

रांगेत शिरले तर बाबा आधीच तिथे उभे! इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल, आणि समोर सीट दाखवणारा एक मल्याळी स्टुअर्ड वैतागलेला. "अंकल, सीट नंबर है ना. कोई नहीं लेगा."

"भरवसा नहीं," बाबा म्हणाले. "यहाँ सब फिक्स है."

आणि त्यांनी टाकले पाच रुमाल. मागून साठे काका आणि कुंदा मावशी आले. मावशींनी आल्या आल्या मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाल्या, "काही विचारू नकोस."

मॅच बरोबरीत चालली होती. शेवटी शेवटी निळ्यांचा एक पोरगा बॉक्समध्ये पडला. त्याला धक्का लागला की तो आपणहून पडला, कुणालाच दिसलं नाही. रेफ्रीने शिट्टी मारली. पेनल्टी!

साठे काका खुर्चीवर चढायचे बाकी होते. "बघितलंत? बघितलंत ना? डोळ्यांसमोर! बोल मनवा, आता बोल!"

मी बाबांकडे बघितलं. ते शांतपणे मैदानाकडे बघत होते.

"होती," बाबा म्हणाले.

"काय होती?" काका ओरडले.

"पेनल्टी होती, साठे. खाली बसा. मागच्यांना दिसत नाही."

गोल झाला. मावशींनी शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, नुसतीच हवा आली. साठे काका कुणाशीच न बोलता टाळ्या वाजवत होते.

मॅच संपली. माणसं जिन्याकडे निघाली. बाबांनी सवयीने रुमाल उचलायला घेतले. साठे काकांचा, मावशींचा, माझा, स्वतःचा. प्रत्येकाची घडी घातली, खिशात ठेवली आणि चालू लागले. जांभळ्या काठाचा सीटवर तसाच होता.

स्टुअर्डने पाहिलं. "अंकल, आपका रुमाल!"

मीही म्हटलं, "बाबा, एक राहिला."

बाबा थांबले नाहीत. मागे न बघता म्हणाले, "राहू दे. पुढच्या सीझनला जागा नको का?"